दोरीवरची सीआयडी बाई

आम्ही देवीचा पिक्चर बघायला गेलो होतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं बोळात आमच्याबद्दल जे काय बोललं गेलं, त्यात ही गोष्ट कुणी धरली नाही. माझा आणि अक्काचा, दोघींचाही शुक्रवारचा उपास होता. त्या वर्षी निम्मं सोलापूर शुक्रवार धरायचं. आंबट चालत नाही म्हणून घरोघरच्या चिंचेच्या भरण्या माळ्यावर गेल्या होत्या.

कारखान्यात वळलेल्या विड्या द्यायच्या, नवा पाला आणि तंबाखू घ्यायची आणि घरी यायचं, हा आमचा सकाळचा रस्ता. त्या दिवशी थेटरावर नवीन बोर्ड चढलेला दिसला. बोर्डावर एक बाई उभी. केस मोकळे, डोळे मोठे, पायाखाली एक माणूस आडवा पडलेला. हात चार, आणि चारी हातांत हत्यारं. अक्कानं भर रस्त्यात गाठोडं काखेत मारलं आणि हात जोडले. खालचं नाव इंग्रजीत होतं, ते आम्हा दोघींनाही वाचता येईना. ही कुठली देवी, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, कुटली का असंना, शुक्रवारी आपणहून समोर आलीया, पाठ फिरवून जायचं न्हाय.

खिडकीतल्या माणसानं आम्हाला दोनदा निरखलं आणि म्हणाला, बायांनो, हा सकाळचा खेळ हाय. अक्का म्हणाली, मग देवीला काय दुपारी जायचं? त्यानं डोकं खाजवत तिकिटं फाडली. दाराशी अक्कानं चपला काढल्या, म्हणून मीही काढल्या. पाल्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बायकांच्या बाजूला बसलो. लाकडी फळीच्या अलीकडं आम्ही दोघीच. पलीकडं कॉलेजची पोरं आणि रातपाळी उरकून आलेले मिलचे गडी, त्यातले निम्मे घोरायला लागलेले.

दिवे गेले. पडद्यावर बाई आली ती आखूड चड्डी घालून, गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून आणि तोंडात सिगारेट धरून. तिला दोनच हात होते. बोर्ड रंगवणाऱ्यानं जागा वाचवायला एकीवर एक अशी दोनदा काढली होती तिला, हे मागाहून लक्षात आलं. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अक्काकडं बघायचा धीर होईना. ती हात जोडून बसलेली, ते हात तसेच राहिलेले. तेवढ्यात त्या बाईनं एका धिप्पाड गड्याला लाथ घातली आणि तो जिन्यावरून गडगडत खाली आला. अक्का माझ्या कानाशी वाकली.

"देवीच हाय गं चेल्ली. भेस बदललाय."

अक्का म्हणजे तेलुगूत थोरली बहीण आणि चेल्ली म्हणजे धाकटी. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात ती समोरच्या खोलीत राहायची. नवरा मागावर कामाला, सकाळी जायचा तो दिवा लावायला घरी. घरात ती आणि तिची सासू. सासूला ती अत्तम्मा म्हणायची, म्हणून सगळा बोळ अत्तम्मा म्हणायचा. अक्काला मूल नव्हतं. त्यावर ती कधी बोलायची नाही, म्हणून मीही इथं बोलत नाही.

मी केमची. लग्न होऊन या शहरात आले तेव्हा मला कुणी म्हणता कुणी नव्हतं. घरात पाच माणसं, पण सगळी नवऱ्याची. पहिल्या महिन्यात मी रोज संध्याकाळी दारात उभी राहून रेल्वेची शिट्टी ऐकायची, कारण ती गाडी केमवरून जायची. अक्कानं ते बघितलं आणि एक दिवस न विचारता माझ्या मांडीवर सूप ठेवलं. तिनंच मला विडी शिकवली. पत्र्याच्या मापानं पान कसं कापायचं, चिमटीत तंबाखू किती, गुंडाळताना करंगळी कुठं ठेवायची. माझे हात तिच्याहून जलद चालायला लागले तेव्हा ती सगळ्यांना बोलावून दाखवायची, बगा माजी चेल्ली. माझ्या आईनंसुद्धा माझं कधी एवढं कौतुक केलं नव्हतं.

आता अक्काच्या सांगण्याबद्दल. बोळाच्या टोकाला पत्र्याची सावली होती, तिथं दुपारी सात-आठ जणी आपापली सुपं घेऊन विड्या वळायला बसायच्या. त्या पहिल्या पिक्चरनंतर तिसऱ्याच दिवशी अक्कानं तिथं तो सगळा सांगितला. सांगताना तिला दोन्ही हात लागायचे, आणि बऱ्याचदा पायही. पिस्तूल चालवायची, गाडी वळवायची, मध्येच उठून पत्र्याच्या खांबाला लाथ मारायची. अशी बाई विड्या काय वळणार? आणि विड्या नाही वळल्या तर संध्याकाळी चूल काय खाणार? म्हणून बायकांनी आपसात नेम केला, ऐकायचं तर वळायचं. अक्काचं सूप मध्ये ठेवायचं, आणि ऐकणारीनं आपल्या चार विड्यांमागं एक तिच्या सुपात टाकायची. पिक्चर संपेपर्यंत तिचं सूप भरलेलं असायचं.

कारखान्यातला तपासणारा मात्र काही आंधळा नव्हता. विडीवरची दोऱ्याची गाठ बाई-बाईची वेगळी असते. कुणाचे दोन वेढे, कुणाचे तीन, कुणी गाठ घट्ट ओढते, कुणी नुसती खोचते. अक्का डावखुरी, तिची गाठ उलट्या अंगाला यायची. तो तिच्या विड्या हातात घेऊन म्हणायचा, ह्या किती बायांच्या हातच्या हायत? अक्का तोंड न चुकवता म्हणायची, माझ्याच की, आज हात येगळा चालला.

मग काय, आम्हाला नादच लागला. तसला बोर्ड चढला की कारखान्यात त्या दिवशी लई गर्दी असायची, असं आम्ही घरी सांगायचो. कधी हाँगकाँगचा पिक्चर, कधी जपानचा, कधी मद्रासकडचा. हाँगकाँगची माणसं इंग्रजी बोलायची आणि त्यांचं तोंड बंद झाल्यावरही बोलणं चालूच राहायचं. आम्हाला दोघींनाही शब्द कळायचा नाही, पण अक्का मला कानात सगळा अर्थ सांगायची. मी विचारलं, तुला कसं समजतं? म्हणाली, तिच्या तोंडाकडं बगितलं की समजतं. आम्ही त्या बाईला सीआयडी बाई म्हणायचो. दर खेपेला तिचा चेहरा वेगळा, केस वेगळे, देश वेगळा, पण अक्काच्या लेखी बाई एकच. भेस बदलून आलीया, एवढंच तिचं म्हणणं.

आणि ते पिक्चर तरी काय लायकीचे! हेलिकॉप्टर डोंगरावर आपटायचं, ते जत्रेतलं खेळणं आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भर समुद्रातली बोट परातीतल्या पाण्यात हलायची. ठोसा लागायच्या आधीच त्याचा आवाज यायचा. बदमाशांचा अड्डा म्हणजे भिंतीला चंदेरी कागद आणि चार लाल दिवे. रक्त तर निव्वळ रंगपंचमी. हे सगळं अक्काला दिसायचं, आणि पदर तोंडात कोंबून ती हसायची. हसायची, आणि त्याच वेळी त्या बाईचा जीव धोक्यात आला की माझं मनगट इतकं आवळायची की बांगडी रुतायची. मी एकदा म्हटलं, खोटं हाय म्हणतीस आन् भितीस कशाला? तर म्हणाली, सोंगातला रावण ओळखीचाच असतो की, म्हणून सीतेची काळजी वाटायची राहती व्हय?

सावलीत सांगताना ती पिक्चरमध्ये नसलेलंही घालायची. तिच्या सीआयडी बाईला सासू होती. बाई पहाटे उठून भाकरी थापायची, भाकरीबरोबरचं कोरड्यास झाकून ठेवायची, सासूला म्हणायची, कारखान्यात लई गर्दी हाय, यायला उशीर होईल, आणि बाहेर पडून थेट हाँगकाँगला जायची. बायका हसून हसून लोळायच्या. अत्तम्मा पलीकडं उंबऱ्यात पाला निवडत बसलेली असायची. ती तेलुगूत काहीतरी पुटपुटायची, बहुतेक शिव्याच. पण सीआयडी बाई संकटात सापडली की अत्तम्माचा पाला निवडायचा हात थांबायचा. ते मी बघितलेलं आहे, आणि अक्कानंही बघितलं होतं.

अशी दोन-तीन वर्षं गेली. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं, असं म्हणायला आता कुणाची चोरी नाही.

अक्काचा खोकला कधी सुरू झाला ते सांगता येत नाही, कारण आमच्यात सगळ्याच खोकायच्या. तंबाखूची पूड नाकातोंडात जाते, डोळ्यांत जाते, भाकरीलाही तोच वास येतो. विडी ओढणारा खोकला तर लोक त्याला समजावतात. वळणारी खोकली तर तिला कोण विचारतं? दसऱ्यानंतर तिची चोळी अंगावर ढगळ व्हायला लागली. सांगता सांगता ती मध्येच थांबायची आणि छातीवर हात ठेवायची. आम्हाला वाटायचं, रंगवायला थांबलीय. आम्ही हातातली विडी तशीच धरून वाट बघायचो.

शेवटचा पिक्चर आम्ही दोघींनी अर्धाच बघितला. त्यातली सीआयडी बाई लाल विजार घातलेली, केसांचा टोप अंमळ वाकडा. बदमाशानं तिला धरून आणलं आणि मनगटं बांधून उंच दोरीला टांगलं. खाली रंगाचा उकळता हौद. आमच्याकडं सूत रंगवायला असतात तसलाच, पण विहिरीएवढा. दोरीचं दुसरं टोक खांबाला, त्याच्याखाली एक मेणबत्ती पेटवून ठेवली आणि बदमाश हसत निघून गेला. मेणबत्तीची ज्योत दोरीला लागली, बाईचा चेहरा मोठा दिसला, आणि इंटरव्हल झाला.

दिवे लागले तेव्हा अक्का खोकत होती. बराच वेळ खोकली. मग पदर तोंडापासून काढून बघितला आणि घाईनं त्याची घडी आत वळवली. पण मी बघितलं होतं. पडद्यावर असतं तसलं ते नव्हतं, काळपट होतं. चल घरी, म्हटलं. ती म्हणाली, बस की, सुरू व्हईल आता. मी ऐकलं नाही, तिच्या दंडाला धरून उठवलं. केवढासा दंड झाला होता तो! दारातून बाहेर पडताना तिनं दारावरच्या माणसाला विचारलं, ती सुटती का हो? त्याला काय ठाऊक तिच्या पदरात काय आहे. तो म्हणाला, तिकीट काढलंय तर बगा की बसून.

तिला मोठ्या दवाखान्यात क्षयाच्या वार्डात ठेवलं. डॉक्टरनं तिच्या नवऱ्याला आणि अत्तम्माला बाहेर बोलावून काय सांगितलं ते मला अत्तम्माच्या चेहऱ्यावरूनच कळलं. लई उशीर झाला होता. बोळात बायका कुजबुजायला लागल्या, सिनेमाच्या नादानं गेली, अंधारात बसून बसून छातीला लागलं. ज्यांनी तिच्या तोंडून हाँगकाँग बघितलं त्याच ह्या! मी एकीला भर नळावर सुनावलं. म्हटलं, थेटरात बसून क्षय होत असता तर मिलचे सगळे गडी मेले असते. त्यानंतर माझ्याशी महिनाभर कुणी बोललं नाही. माझं काही बिघडलं नाही.

मी रोज जायची. तांब्याभर दूध घेऊन, कधी शेंगदाण्याचा लाडू घेऊन, जो ती खायची नाही. तिचा आवाज गेला होता, नुसता श्वासातून बोलायची. आणि विचारायची एकच. ती बाई दोरीवरून कशी सुटली?

पिक्चर तोवर थेटरातून निघून गेला होता. मी शोध केला. बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या कॉलेजच्या एका पोराला विचारलं, तर तो हसला. म्हणाला, वहिनी, सुटतेच की, नाहीतर पिक्चर संपणार कसा? मी ते जसंच्या तसं अक्काला सांगितलं. तिनं मान हलवली.

"सुटती ते मलाबी ठावं हाय. कशी सुटती?"

ते त्या पोराला आठवत नव्हतं. कुणालाच आठवत नव्हतं. असल्या पिक्चरचं कोण काय लक्षात ठेवतं? पुढं मला पुष्कळांनी सांगितलं की अक्का ते स्वतःच्या सुटकेबद्दलच विचारत असणार. शिकलेल्या माणसांना असं काहीतरी लागतं. मी तिला ओळखत होते. तिला त्या बाईचंच विचारायचं होतं. तिला लाल विजारीतल्या त्या बाईचा घोर लागला होता आणि तो दिवसेंदिवस वाढत चालला होता.

संक्रांतीच्या अलीकडं तोच बोर्ड पुन्हा चढला. मला रस्त्यातच रडू आलं. घरी काही न सांगता सकाळच्या खेळाला एकटी गेले. दाराशी सवयीनं चपला काढल्या. बायकांच्या बाजूला मी एकटीच. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पाल्याचं गाठोडं ठेवलं. पिक्चर फार जुना झाला होता, पडद्यावर सारखी पावसासारखी रेघोट्यांची झड. पण पहिला अर्धा भाग आला, हौद आला, दोरी आली, मेणबत्ती आली, इंटरव्हल झाला. मी जागेवरून हलले नाही, पाणीसुद्धा प्यायले नाही. दिवे गेले. ज्योत दोरीला लागली, दोरीचं एक सूत तुटलं, मग दुसरं तुटलं, आणि पडदा एकदम पांढरा झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. परत चित्र आलं तेव्हा बाई विमानाच्या शिडीवर उभी होती. हातात फुलं. खाली माणसं टाळ्या वाजवतायत. बाईनं मागं वळून हात हलवला, विमान उडालं आणि दिवे लागले.

दारावरच्या माणसाला मी जाऊन धरलंच. म्हटलं, मधलं कुटं गेलं? तो म्हणाला, बाई, गावोगाव फिरून फिरून पट्टी तुटते, तुटलेलं कापून टाकतात आणि पुढचं जोडतात. तेवढं गेलं ते गेलं. मी म्हटलं, कुटंच न्हाय का ते? तो म्हणाला, कुटंच न्हाय.

तिथून तशीच दवाखान्यात गेले. रस्ताभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. गोष्ट सांगणं माझ्या हाडातच नव्हतं. मी वळणारी. माझे हात चालतात, तोंड नाही. माहेरी मुकी म्हणायचे मला.

अक्का उशीला टेकून होती. अत्तम्मा पायथ्याशी खाटेवरच बसलेली. माझ्याकडं बघून अक्काला कळलं की मी बघून आले. तिचे डोळे लहान पोरासारखे झाले. मी स्टूल ओढून बसले आणि तिच्याच पद्धतीनं, अगदी पहाटेपासून सुरुवात केली. सीआयडी बाई उठली, भाकरी थापली, कोरड्यास झाकून ठेवलं. सासूला म्हणाली, कारखान्यात लई गर्दी हाय. अत्तम्मानं मान खाली घातली. मग बदमाश आला, मारामारी झाली, बाईला दोरीला टांगलं, मेणबत्ती लावली. एक सूत तुटलं. दुसरं तुटलं. पडदा पांढरा झाला होता तो इथंच.

"मग?" अक्का म्हणाली.

मी म्हटलं, त्या अड्ड्याच्या मागल्या अंगाला बदमाशाचा विडीचा कारखाना होता. अक्काचे ओठ हलले. हसली ती. मी म्हटलं, तिथं बाया कामाला होत्या. त्यांनी दोरी जळताना बघितली आणि सुपं तिथंच टाकून पळत आल्या. वर चढल्या. एकीला ती दोरी पेलणारी नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून धरली, जिच्या हाताला जेवढी आली तेवढी. आणि वर ओढायला लागल्या.

"कोण हुत्या त्या बाया?"

"आमीच की, अक्का."

मी पुढं सांगत राहिले, आता मला थांबवत नव्हतं. हौदाच्या काठावर अत्तम्मा उभी होती. बाई वर आली तशी तिला पोटाशी धरून अलीकडं घेतली तिनं. हाताची दोरी सोडली, मनगटं चोळली आणि म्हणाली, उशीर केलास, जेवून घे. खाटेच्या पायथ्याशी अत्तम्मा पदर तोंडाला लावून बसली होती.

तेव्हा माझं लक्ष गेलं. चादरीवर अक्काची बोटं चालली होती. डाव्या हातानं पान धरलं, चिमटीनं तंबाखू पसरली, गुंडाळलं, तोंड मुडपलं, दोरा घेतला, उलट्या अंगाला गाठ मारली आणि विडी बाजूला टाकली. माझ्या बाजूला. मग दुसरं पान. हातात काही म्हणजे काही नव्हतं. मी म्हटलं, अक्का, काय करतीयास हे?

"ऐकायचं तर वळायचं, चेल्ली."

ती माझ्या वाटणीच्या विड्या वळत होती. कधी नव्हे ती मी सांगत होते आणि ती ऐकत होती, म्हणून नेमानं वळत होती. मला पुढचं दिसेना. नाक पदराला पुसलं आणि सांगायला लागले, बाईनं बदमाशाला कसा लोळवला, त्याच्या अड्ड्याचा चंदेरी कागद कसा टराटरा फाडला. बोटं हळू होत गेली. पान धरलं, तंबाखू पसरली, गुंडाळलं. तोंड मुडपायला थोडा वेळ लागला. मग बोटं दोऱ्याकडं गेली आणि तिथंच राहिली.

मला वाटलं, डोळा लागला. मी थांबले. अत्तम्मा उठली, तिनं अक्काच्या गालाला हात लावला, मग ती बोटं आपल्या मुठीत घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"थांबू नगं. शेवटपातुर सांग."

मी सांगितलं. विमान आलं, शिडी लावली, खाली समदी माणसं जमली. बाईच्या हातात फुलं दिली. ती शिडी चढून वर गेली, मागं वळली, हात हलवला. दार लागलं. विमान उडालं. संपलं. अत्तम्मानं मग सुनेचे डोळे मिटले, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओरडले नाही. तिथंच फरशीवर बसले आणि रडले, पोटातून. नर्सनं येऊन उठा म्हटलं तरी उठले नाही. माझं माणूस गेलं होतं. या शहरात मला होतं ते एकच.

तिचा नवरा मागावरून आला, बाकीची माणसं आली, पुढचं सगळं त्यांनी हातात घेतलं. बायकांनी आता घरी चला असं कुणीतरी म्हणालं. उठताना अत्तम्माची नजर माझ्या पायांकडं गेली. उघडे होते, धुळीनं भरलेले, एका अंगठ्याला ठेच लागून रक्त आलेलं.

"चपला कुटं?"

थेटराच्या दारात राहिल्या, मी म्हटलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती वाकली आणि खाटेखाली हात घालून अक्काच्या चपला बाहेर काढल्या. दवाखान्यात आणली त्या दिवशी काढून ठेवलेल्या, त्यावर तेव्हापासूनची धूळ. अत्तम्मानं त्या आपल्या पदरानं पुसल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. घाल, म्हणाली. मला त्या लहान होत्या, टाचा बाहेर राहत होत्या. तशीच त्या घालून मी अत्तम्माचा हात धरून चालत घरी आले.